मस्कतातली पाच तारीख

५ जानेवारी २०२५, रविवार

आज देवळात तेरा घरांच्या लोकांनी माझ्या गळ्यात एक काम घातलं आणि मी नको म्हणालो नाही.

भावकू अण्णा कार्तिकात गेले. आमच्या गावात रवळनाथाच्या दिवाबत्तीची सेवा तेरा घरांत फिरते. प्रत्येक घराला सव्वीस दिवस. तेलखोलीची किल्ली ताब्यात घ्यायची, पहाटे झाडलोट करायची, पाणी भरायचं आणि गाभाऱ्यातला नंदादीप विझू द्यायचा नाही. पूजा गुरवाची, दिवा घराचा. शेवटच्या दिवशी सांजवात झाली की किल्ली पुढच्या घरी नेऊन द्यायची. तेरा घरं संपली की लगेच पुन्हा पहिलं. वर्षाचा आणि फेरीचा मेळ बसत नाही, म्हणून कुणाची सेवा कधी लागणार ते दर वेळी मोजावं लागतं. मध्येच कुणाला सुतक आलं तर अदलाबदल. हे सगळं भावकू अण्णा बोटांच्या पेरांवर मोजत. ते गेल्यावर कळलं की दुसऱ्या कुणाला ते येत नाही.

"रवळू, तू बेळगावात संस्थेत कॉम्प्युटरवरच असतोस की," नागोजी अण्णा म्हणाले. "घाल की हे सगळं त्याच्यात. म्हंजे भांडण नको."

"भांडण कवा झालतं?" भरमूनं विचारलं.

"न्हाय झालं म्हणूनच म्हणतोय."

पतसंस्थेत मी वीस वर्षं प्रोग्राम लिहितोय, पण जुन्या पद्धतीचे. नवी भाषा लेकीकडून, सौम्याकडून, फोनवर शिकतोय. ती बेंगळुरात नोकरीला आहे. पोरीकडून शिकायची लाज वाटत नाही, फक्त ती फार भरभर बोलते.

घरी येऊन बायकोला, मंगलला सांगितलं. ती म्हणाली, "देवाचं काम हाय. चुकू नका म्हंजे झालं."

११ जानेवारी, शनिवार

आज एक गोष्ट नव्यानं समजली.

प्रोग्रामच्या आत एक सेवा म्हणजे एक वस्तू. तिच्या पोटात तीन गोष्टी : घर, सुरुवात, शेवट. आत असते तोवर ती वस्तू जिवंत असते, पण दुसऱ्याच्या फोनवर पाठवायची तर तिचा साधा मजकूर करावा लागतो. त्या मजकुराला जेसन म्हणतात. महिरपी कंसात नाव, पुढं किंमत, मध्ये दोन टिंबं. पलीकडचा फोन तो मजकूर वाचतो आणि तशीच वस्तू आपल्याकडं पुन्हा उभी करतो. मला सुपारीत गणपतीचं आवाहन करतात ते आठवलं. मंत्र म्हटला की सुपारीत देव, विसर्जन केलं की सुपारी. सौम्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आप्पा, हे आमच्या ट्रेनिंगात घालायला पाहिजे." चेष्टा होती की कौतुक, कळलं नाही.

मग मजकूर उघडून पाहिला. घराच्या नावापुढं घराचं नाव होतं. सुरुवात या शब्दापुढं मात्र एक लांबलचक आकडा. तारखेचा पत्ता नाही.

"तीच तारीख आहे," सौम्या म्हणाली. "यंत्राला तारीख कळत नाही, क्षण कळतो. एक जानेवारी एकोणीसशे सत्तरच्या मध्यरात्रीपासून किती क्षण गेले, ते मोजून ठेवतं."

"आणि सत्तरच्या आधी जे घडलं त्याचं काय?"

"उणे आकडा."

फोन ठेवल्यावर वडिलांची जन्मतारीख घालून पाहिली. खरोखर उणे आला. माझी घातली, अधिक आला. आमच्या घराचा उंबरा यंत्रानं बाप आणि लेकाच्या मधोमध घातलाय. बराच वेळ त्या दोन आकड्यांकडं बघत बसलो.

एक शंका राहिली. मध्यरात्र, पण कुठल्या गावची? विचारायचं राहून गेलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर पुन्हा बसलो.

लांब आकडा माणसांना दाखवून चालणार नाही. तारीख कशी लिहायची याचा नमुना आपण ठरवून द्यायचा असतो : आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. अक्षरांनीच सांगायचं. मी सांगितलं. तेराही सेवा छापून आल्या आणि प्रत्येकीचा महिना शून्य. नऊ-शून्य-दोन हजार पंचवीस. तेरा घरं आणि महिना एकही नाही.

सौम्या इतकी हसली की मंगल स्वयंपाकघरातून बाहेर आली. महिन्यासाठी मोठा एम लागतो म्हणे. मी छोटा लिहिला होता, तो मिनिटांचा. यंत्रानं मुकाट्यानं मध्यरात्रीची मिनिटं मांडली. त्याची काही चूक नाही. मागितलं ते दिलं.

१९ जानेवारी, रविवार

यादी छापून परशराम गुरवाकडून देवळाच्या खांबावर लावून घेतली. ज्यांच्याकडं चांगला फोन आहे त्यांच्या फोनवरही घातली. माझ्या, भरमूच्या, नागोजी अण्णांच्या, तिन्ही फोनवर तपासली. तारखा बरोबर.

सौम्या म्हणाली होती, "नमुना दोन्हीकडं सांगा आप्पा. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला. छापायच्या बाजूला तुम्ही सांगितलाय, पण फोनकडं जाताना अजून तो लांब आकडाच जातोय. प्रत्येक फोन आपापल्या परीनं त्याची तारीख करतोय." खरं आहे. पण तिन्ही फोन बरोबर दाखवतायत. चालतंय त्याला हात लावू नये, असं आमच्या संस्थेत म्हणतात. पुढं सवडीनं करीन.

चंपाकाकूंना मोतीबिंदूमुळं ना कागद वाचता येतो ना फोन. त्यांची मनीषा मस्कतला दवाखान्यात नर्स आहे. तिच्या फोनवर यादी पाठवली. ती रोज आईला फोन करते, तीच तारखा सांगेल. काकूंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा नाही. पण काकूंच्या सव्वीस दिवसांत देऊळ जेवढं लख्ख असतं तेवढं एरवी नसतं, हे सगळं गाव म्हणतं.

दुपारी नागोजी अण्णा घरी आले. त्यांना या कामात एवढा रस असेल असं वाटलं नव्हतं.

"रवळू, एखादं घर फेरीतनं काढायचं झालं, तर सोय हाय का तुझ्या यंत्रात?"

"का काढायचं अण्णा?"

"काढायचं न्हाय रं. नुसतं विचारतोय. जुना नेम हाय न्हवं? सेवेत दिवा इझला तर सेवा मोडली. घर फेरीच्या बाहेर, आणि त्याची सेवा, मान, सगळं भाऊबंदाकडं. काही घरांत फुडं करणारं कोणच न्हाय. उद्या वेळ आली तर तुला धावपळ नको."

नेम मी ऐकला होता, चालवलेला कधी पाहिला नाही. पण प्रश्न मजेचा होता. एक घर बंद केलं की बाकीच्यांच्या तारखा न हलता भाऊबंदांच्या घराला बावन्न दिवस सलग आले पाहिजेत. सगळी संध्याकाळ त्यात गेली. तपासायला चंपाकाकूंचं घर बंद करून पाहिलं, कारण त्यांना भाऊबंद एकच, नागोजी अण्णा. फेरीतही त्यांच्यामागं लगेच अण्णांचंच घर. सगळं बरोबर बसलं. अण्णांना बोलावून दाखवलं. ते लई वेळ त्या यादीकडं बघत होते. कामाची कदर करणारा माणूस भेटला की बरं वाटतं. मग काकूंचं घर पुन्हा होतं तसं करून ठेवलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

कागदाप्रमाणे काकूंची सेवा उद्यापासून, नऊ तारखेपासून. आज पहाटे दर्शनाला गेलो तर काकूच झाडत होत्या. आज तर भरमूचा शेवटचा दिवस.

वाटेत भरमू ऊसतोडीच्या टोळीबरोबर दिसला. "काल रातीच काकू किल्ली न्यायला आल्या. म्हटलं, न्या बाई. माझा ऊस आज फडातनं हलायचाय. देवानंच धाडलं त्यास्नी."

काकूंनी त्याची अडचण ओळखून एक दिवस आपल्या अंगावर घेतला असणार. अशी माणसं आहेत म्हणून देवळात दिवा आहे. मला मात्र साधं तिथं उभं राहून पाण्याची घागर उचलून द्यायचंही सुचलं नाही. यंत्र नीट चाललंय या आनंदातच घरी आलो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. काकूंच्या सेवेत आली. गाभाऱ्याचा उंबरा ताकानं घासलेला, समया चिंचेनं उजळलेल्या. काकू खांबाला टेकून बसल्या होत्या.

"तुझ्या मोबाइलमधल्या तारखेनं लई सोपं झालं रं," म्हणाल्या. "पोरगी तिकडनं सांगती, आई, अमक्या दिवशी घे, तमक्या दिवशी दे. भावकू भावजी होते तवा त्यांच्या दारात चारदा जावं लागायचं. ते तंबाखू मळल्याशिवाय मोजतच न्हवते."

"काकू, तुमच्यानंतर कोण करणार ही सेवा?" मी सहज विचारलं. विचारायला नको होतं.

"ते देव बघंल. मी सासरी आले तवापासनं हा दिवा बघतीया. ह्यांच्या आईनं हात धरून वात लावायला शिकवली. तेवढंच एक मला धड येतं." मग म्हणाल्या, "एवढं हातातनं जाऊ नये. बाकी काय मागणं न्हाय."

बाहेर पिंडीवर अभिषेकाची धार चालली होती. मनात आलं, माझ्या प्रोग्रामात एका सेवेला सुरुवात आहे, शेवट आहे. काकूंनी जे सांगितलं ते कुठल्या रकान्यात बसेल?

६ मार्च, गुरुवार

सकाळच्या बसला काकू दिसल्या. डोळ्यांच्या दवाखान्यात निघाल्या होत्या, ऑपरेशनची तारीख घ्यायला. सेवा चालू असताना त्या घरचं माणूस गावची शीव ओलांडत नाही असा रिवाज आहे. मी विचारलं नाही, पण त्याच म्हणाल्या, "मोकळी झाले बघ." वाटेतलं काकती गाव येईपर्यंत त्यांना डुलकी लागली. पहाटे दिवाबत्ती उरकून निघाल्या असतील. रिवाजही आता सैल होत चाललेत, आणि डोळ्यांपुढं कोण काय म्हणणार.

संध्याकाळी परत येताना नागोजी अण्णांनी कट्ट्यावरून हाक मारली. "ये रं, बस. तुझा कागद म्हंजे काय, एक नंबर. सहा तारखेपतुर चंपाबाई, सातापासनं आमी. व्हय न्हवं?"

"व्हय, आज त्यांचा शेवटचा दिवस."

"आज त्यांचाच. तू सांगितलंस म्हंजे झालं."

अण्णांच्या अक्काताई वहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवताना म्हणाल्या, "भावजी, आज देवळात—"

"साखर कमी पडलीया ह्यात," अण्णा म्हणाले. "आण जरा."

वहिनी आत गेल्या, त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. चहा तर गोड होता. अण्णांना साखर लागते बहुतेक जास्त.

देवळाकडं जायचं मनात होतं, पण मंगलनं दळण आणायला सांगितलं होतं.

७ मार्च, शुक्रवार

दिवा विझला.

पहाटे नागोजी अण्णा आपली सेवा सुरू करायला गेले, तर गाभाऱ्यात अंधार. वात काळी, तेल संपलेलं, समई गार. त्यांनी आधी गुरवाला उठवलं, मग पाच-सहा घरं गोळा केली. मी गेलो तेव्हा काकू पायरीवर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. नुसत्या गाभाऱ्याकडं बघत होत्या.

परशराम गुरव म्हणाला, "काल सकाळी पूजेला दिवा होता की. झाडलोट न्हवती, पर म्हटलं येतील काकू मागनं. सांजला मी उचगावला पाव्हण्यांत गेलतो."

"काल सेवा कुणाची?" अण्णांनी विचारलं आणि खांबाकडं बोट केलं. कागदावर लिहिलेलं आहे. माझ्याच कागदावर.

"माझी परवाच संपली," काकू म्हणाल्या.

"लिवलंय सहा. लिवलेलं बदलतंय व्हय?"

"मनीषानं पाच सांगितली."

"पोरगी परमुलखात बसून काय बी सांगंल. रवळू, तू सांग. सहा का पाच?"

सगळे माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "सहा." खरं तेच होतं. काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी नेमकं किती दिसतं ते मला ठाऊक नाही, पण मला खाली बघावं लागलं.

रविवारी बैठक बोलावली आहे. अण्णा जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू ती सोय केलीस न्हवं, ती काढून ठेव. रविवारी लागंल."

आता संध्याकाळी हे लिहिताना तो हात अजून खांद्यावर असल्यासारखा वाटतो. अण्णा नेमाचे एवढे पक्के आहेत. पण मग मला बरं का वाटत नाही?

८ मार्च, शनिवार

सकाळी मनीषाला फोन लावला. ती रात्रपाळी करून आली होती, आवाज थकलेला.

"दादा, मी चुकीचं कसं सांगीन? आठ फेब्रुवारी ते पाच मार्च. तुमच्या यादीतच आहे."

"नऊ ते सहा आहे, बाळ. तू गडबडीत बघितलं असशील."

"थांबा." तिनं फोनच्या पडद्याचा फोटो पाठवला. आठ ते पाच. नुसतं तिच्या आईचं घर नव्हे. तेराही घरं एकेक दिवस अलीकडं.

माझ्या फोनवर नऊ. तिच्या फोनवर आठ. यादी एकच. पहिल्यांदा भीती वाटायला हवी होती, पण खरं लिहायचं तर आधी कुतूहल वाटलं. एकच मजकूर दोन ठिकाणी दोन दिवस कसा होतो?

सौम्याला फोटो पाठवला. दोन मिनिटांत तिचा फोन. "आप्पा, फोनकडं अजून तो आकडाच जातोय ना?"

"व्हय."

"मग झालं. तो आकडा म्हणजे तारीख नाही, क्षण आहे. तुमची नऊ तारीख म्हणजे इथली मध्यरात्र, बरोबर बारा. त्या क्षणी मस्कतात किती वाजलेले असतात?"

मोजलं. साडेदहा. आदल्या रात्रीचे. तिथं अजून आठ तारीखच असते.

फोननं खोटं सांगितलं नाही. त्याला क्षण दिला होता, त्यानं आपल्या गावचं घड्याळ बघून त्या क्षणाची तारीख सांगितली. पण मला क्षण पाठवायचाच नव्हता. सेवा मध्यरात्री सुरू होत नाही, पहाटे झाडूनं होते. मला दिवस पाठवायचा होता, ज्याला तास नाही, मिनिट नाही, आणि जो मस्कतात गेला तरी तोच दिवस राहतो. एकादशी जशी इथंही एकादशी आणि तिथंही. त्यासाठी नमुना फोनच्या बाजूलाही सांगायचा होता : वर्ष, महिना, दिवस, पुढं काही नाही. सौम्यानं जानेवारीत हेच सांगितलं होतं.

आता सांगितला. पाठवणाऱ्याला लिहिण्यासाठी, फोनला वाचण्यासाठी, दोघांना तोच. मनीषानं पुन्हा उघडून पाहिलं. "सहा मार्च आली, दादा." मग म्हणाली, "पण आता काय उपयोग?"

मी प्रोग्राम बंद केला. मग तीच म्हणाली, "आईनं पाचला सांजवात करून किल्ली दिली ना? कुणाला दिली?"

"पुढच्या घरी. नागोजी अण्णांच्या."

"मग सहाला किल्ली कुणाकडं होती?"

हे मला तिनं विचारेपर्यंत सुचलं नव्हतं. दोन दिवस मी तारखांच्या मागं आहे आणि किल्लीकडं बघितलंच नाही. पण अण्णांना माहीत नसेल. वहिनींनी ठेवून घेतली असेल आणि सांगायचं राहिलं असेल. असंच असेल.

९ मार्च, रविवार

बैठक झाली. झाली तशी लिहून ठेवतो.

देवळाच्या ओवरीत तेराही घरं आली होती. बायका खांबांच्या पलीकडं. मी उभा राहून मस्कतची गोष्ट सांगितली. चूक माझ्या प्रोग्रामची, काकूंची नाही, मनीषाचीही नाही, असं आधीच म्हणालो. सांगताना घड्याळ, आकडा, नमुना, सगळं सांगत बसलो. लोक ऐकत होते, पण कीर्तनात मध्येच संस्कृत आलं की ऐकतात तसं.

"म्हंजे तारखा दोन व्हत्या?" भरमूनं विचारलं.

"मस्कतात एक दिवस मागं दिसली."

"तरीच काकू आदल्या रातीला किल्लीला आल्या. आन मला वाटलं देवानं धाडलं." लोक हसले. काकूसुद्धा जराशा हसल्या.

नागोजी अण्णा हसले नाहीत. "मस्कत बिस्कत आपल्याला काय करायचंय? देवळात कागद एक. त्याच्यावर सहा तारीख चंपाबाईची. दिवा सहाला इझला. नेम हाय तो हाय. आमाला काय त्यांची सेवा खायाची हाय? पर देवाचं मोडायचं का माणसांपायी? कौल लावा म्हणतो मी. देवच सांगंल."

परशराम कौलाची फुलं आणायला उठला. मूर्तीला फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा, उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. माझी त्यावर श्रद्धा आहे. पण तेव्हा मनात आलं की देवालाही प्रश्न ज्या शब्दांत विचारू त्याच शब्दांचं उत्तर मिळणार. 'सहा तारखेला चंपाबाईच्या सेवेत दिवा विझला का' असं विचारलं तर ते बिचारं फूल काय करील? मी उठून बोलणार होतो. धीर होत नव्हता. अण्णा वडीलधारे आहेत.

तेवढ्यात काकू खांबाआडून म्हणाल्या, "देवाला इचारायच्या आदी अक्काताईला इचारा."

सगळ्यांच्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. वहिनी खाली मान घालून पदराचं टोक पिळत होत्या.

"तिला काय इचारायचं?" अण्णा म्हणाले. "बायकांचं काय काम ह्यात?"

"किल्ली बायकांनीच दिली आन बायकांनीच घेतली," काकू म्हणाल्या. "मी काय बोलत न्हाय फुडं. तिच्या तोंडानंच येऊ दे."

परशराम हातात फुलं घेऊन तसाच उभा. मला वाटलं वहिनी बोलणार नाहीत. पस्तीस वर्षांचा संसार आहे, आणि समोर तेरा घरं.

"आलती," वहिनी म्हणाल्या. "बुधवारी सांजला आलती चंपाक्का. मी म्हटलं, एक दिस आदी कशी? ती म्हणाली, मनीषानं सांगितलं. मी ठेवून घेतली. खुट्टीला अडकवली." पदराचं टोक सोडलं. "ह्यांस्नी सांगितलं. हे म्हणाले, असू दे. गुरवारी सकाळी म्हटलं, दिव्याला जाऊन येते. म्हणाले, आज आपली सेवा न्हाय, जायाचं न्हाय."

मग अगदी हळू म्हणाल्या, "मला जायाला पायजे व्हतं."

अण्णांचा चेहरा मला बघवेना. गुरुवारचा चहा आठवला. मी त्यांच्या शेजारी बसून सहा तारीख, सहा तारीख म्हणत होतो. आत खुंटीला किल्ली आणि देवळात तेल संपत आलेलं.

परशराम म्हणाला, "किल्ली ज्याच्या घरात, दिवा त्याचा. भावकू अण्णा असंच धरत आलते. चंपाकाकूंनी सव्वीस दिवस भरलेत, एक दिवस आदी धरून. आता नेमच चालवायचा तर नागोजीचं घर..."

"कुणाचं घर बाहेर जायाचं न्हाय," काकूंनी मध्येच तोडलं. "तिनं का म्हणून भोगायचं? दिवा माझ्या हातनं इझला न्हाय, एवढं म्हणा सगळ्यांनी. मला लई झालं."

म्हणाले. एकेका घरानं म्हटलं. अण्णांची पाळी आली तेव्हा ते उठले, पायात चपला घातल्या, दोन पावलं गेले. पुन्हा चपला काढून आत गाभाऱ्यापुढं जाऊन उभे राहिले. काय म्हणाले ते बाहेर ऐकू आलं नाही. काकूंनी मागून हात जोडले, म्हणजे ऐकू न येताही त्यांना पोचलं असावं.

घर बंद करायची सोय मी रात्रीच्या जेवणाआधीच प्रोग्राममधून काढून टाकली. बनवायला एक संध्याकाळ लागली होती. मला तेव्हा ती फक्त गणित वाटली होती.

१६ मार्च, रविवार

दुपारी अक्काताई वहिनी आल्या. हातात जुना फोन, काच एका कोपऱ्यात तडकलेली.

"भावजी, ती यादी ह्याच्यात घाला."

"अण्णांच्या फोनात आहे की वहिनी."

"त्यांच्या फोनात हाय," त्या म्हणाल्या.

मी घातली. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बोटानं एकेक ओळ वर सरकवली. आपल्या घराशी थांबल्या. घर : नागोजी. सुरुवात. शेवट.

"दिवा लावणाऱ्याचं नाव कुठं येतं ह्याच्यात?"

"तसं काही ठेवलेलं नाही."

"व्हय?" एवढंच म्हणून त्यांनी मंगलनं दिलेला चहा प्यायला. अण्णा कसे आहेत विचारलं. म्हणाल्या, "बोलत न्हाईत. पर पहाटं माझ्या आदी उठून घागर भरून ठेवत्यात."

त्या गेल्यावर सेवेच्या वस्तूत चौथी गोष्ट घातली. तारखेला जसा नमुना ठरवून द्यावा लागतो तसं नावाला काही लागत नाही, नाव सगळीकडं आहे तसं पोचतं. पण कुणाची नावं घालायची हे मला ठाऊक नव्हतं. या गावात जन्म गेला आणि कोणत्या घरात वात कोण लावतं हे मी पाहिलं नव्हतं. चार वाजता निघालो आणि तेरा घरं फिरलो. दोन घरांत पुरुषांची नावं मिळाली, भरमू त्यातला एक. बाकी अकरा बायका. दोघींना नाव विचारल्यावर आधी हसू आलं, मग त्यांनी सावकाश सांगितलं, पूर्ण.

शेवटी चंपाकाकूंकडं गेलो. डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. वाती वळत बसल्या होत्या, न बघता.

"चंपाबाई लिही," म्हणाल्या. "आन तिच्याखाली मनीषा."

"काकू, ती मस्कतात असते."

"ती येती म्हणालीया, फुडच्या फेरीला रजा काढून. मी शिकवीन तिला." वात वळून झाली, ती त्यांनी ताटलीत ठेवली. "तारीख आता बरोबर जाती न्हवं तिथवर?"

"जाते, काकू."

"मग लिही."